जुन्या मोटरहोममधील दोन टाक्या: तशाच ठेवाव्यात की एकच करावी?

अमेरिकेत १९७० आणि १९८०च्या दशकांत बनलेली अनेक मोटरहोम (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) अजून रस्त्यावर आहेत आणि नव्या गाडीच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात. तिकडे स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब अशी गाडी पाहायला जाते, तेव्हा डॅशबोर्डवर ‘मेन’ (मुख्य) आणि ‘ऑक्झिलरी’ (जोडटाकी) असे लिहिलेले एक बटण दिसते आणि विकणारा अभिमानाने सांगतो की गाडीला दोन टाक्या आहेत. आपल्याकडच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांशी याचा संबंध नाही; इथे इंधन एकच असते आणि ते दोन वेगळ्या टाक्यांत भरलेले असते. या टाक्या मूळ रचनेप्रमाणे ठेवाव्यात, एकच मोठी टाकी बसवावी, की दुसरी टाकी केवळ साठ्यासाठी वापरावी, असे तीन पर्याय खरेदीदारासमोर असतात.

पहिला मोह लिटरचा होतो. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात बनवलेल्या जीएमसी मोटरहोममध्ये प्रत्येकी २५ गॅलनच्या, म्हणजे सुमारे ९५ लिटरच्या, दोन टाक्या होत्या. ही गाडी बाजारात आली त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणे थांबवले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्यामुळे १९० लिटरचा साठा तेव्हा किती दिलासा देत असेल याची कल्पना करता येते. आजचा हिशेब मात्र निराळा आहे. ही गाडी गॅलनला ८ मैल देते असे धरले, तरी एका टाकीत २०० मैल, म्हणजे ३२० किलोमीटर जाता येते. नेवाडातील ‘सर्वांत एकाकी रस्ता’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या यूएस-५० वर फॅलन ते ऑस्टिन हे अंतर साधारण ११० मैलांचे आहे. युटामध्ये आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना या टप्प्यातही जवळपास तेवढेच अंतर पेट्रोलविना काटावे लागते. दोन्ही टप्पे एका टाकीत आरामात पार पडतात. केवळ पल्ल्यासाठी दुसरी टाकी हवी, हा युक्तिवाद म्हणूनच मला लंगडा वाटतो.

दुसऱ्या टाकीचे खरे मोल ती पहिलीपासून किती स्वतंत्र आहे यात असते. बजाज चेतक चालवलेल्यांना ‘रिझर्व्ह’चा खटका आठवत असेल, त्यात टाकी एकच असे आणि खटका फिरवल्यावर खालच्या पातळीचे पेट्रोल मिळे. टाकीत पाणी शिरले असेल, तर तेच पाणी रिझर्व्हमधूनही येणार. मोटरहोमची दुसरी टाकी खरोखर वेगळी असेल, तर एका टाकीत खराब पेट्रोल पडले, तिच्या नळीला चीर गेली किंवा तळाच्या गंजाने फिल्टर तुंबू लागला, तरी दुसरीवर गाडी गावापर्यंत आणता येते. म्हणून गाडी पाहताना आधी बाहेरची झाकणे मोजावीत. दोन झाकणे असतील तर दोन वेगळ्या पंपांवर, वेगळ्या दिवशी पेट्रोल भरता येते. वर उल्लेखलेल्या जीएमसीमध्ये मात्र एकाच तोंडातून दोन्ही टाक्या भरतात. त्यामुळे वाईट पेट्रोल भरले गेले तर ते दोन्हीकडे जाते आणि स्वातंत्र्य फक्त उपसण्यापुरते उरते.

त्यानंतर पाहायची ती परतीची नळी, आणि इथे घाई करू नये. बऱ्याच इंजिनांत पंपाने आणलेले सगळे पेट्रोल जळत नाही; उरलेले एका वेगळ्या नळीने मागे जाते. टाकी बदलणारा व्हॉल्व्ह तीन तोंडांचा असेल, तर तो फक्त येणारे पेट्रोल बदलतो. मग दुसऱ्या टाकीतून उपसलेले पेट्रोल पहिलीत परतते आणि पहिली काठोकाठ भरलेली असेल तर झाकणातून रस्त्यावर सांडते. सहा तोंडांचा व्हॉल्व्ह येणारी आणि परतणारी अशा दोन्ही नळ्या एकदम बदलतो. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग) काढून इंजेक्शन (दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवलेल्या गाडीत परतणारे पेट्रोल पुष्कळ असते, म्हणून तिथे तीन तोंडांचा व्हॉल्व्ह दिसला तर किंमत ठरवण्यापूर्वीच प्रश्न विचारावा. एका आवारात मी अशी गाडी पाहिली होती. मालकाने बटण दाबले, पेट्रोलची पातळी दाखवणारा काटा सावकाश वर चढला आणि तो समाधानाने हसला. पण गाडीखाली कान लावला तेव्हा व्हॉल्व्हचा ‘टक्’ असा आवाज आलाच नाही. बटण फक्त काट्याची तार बदलत होते आणि इंजिन मुकाट्याने पहिल्याच टाकीतून पीत होते. तेव्हापासून मी काट्यावर विश्वास ठेवत नाही. इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून आणि सोबत्याला बटण दाबायला सांगून हा आवाज ऐकणे ही फुकटातली चाचणी आहे.

व्हॉल्व्हच्या जातीतही फरक असतो. जुना सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारा, व्हॉल्व्ह वीज असेपर्यंतच दुसऱ्या टाकीवर राहतो. फ्यूज उडाला की तो आपोआप मुख्य टाकीवर येतो, आणि ती रिकामी असेल तर गाडी तिथेच थांबते. मोटरवर फिरणारा व्हॉल्व्ह फक्त बदलताना वीज घेतो आणि मग आहे तिथेच राहतो. मूळ रचना ठेवायची असेल, तर मोटरवाला सहा तोंडांचा व्हॉल्व्ह बसवण्याचा खर्च मला योग्य वाटतो.

एकच मोठी टाकी करण्याचा मोठा फायदा साधेपणा हा आहे: व्हॉल्व्ह नाही, विसरण्याजोगे बटण नाही, सांधे कमी. पण मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या व्हॅनच्या चेसिसवर (सांगाड्यावर) मधोमध चाकांना शक्ती नेणारा शाफ्ट, म्हणजे लांब दांडा, फिरतो आणि आडवे तुळयांसारखे भाग असतात. दोन टाक्या दोन ठिकाणी बसवण्यामागे जागेची ही अडचणही असते. मोजमाप देऊन टाकी बनवून घेणे महाग पडते आणि काटा, हवेची नळी, भरण्याचे तोंड हे सगळे नव्याने जुळवावे लागते. जुन्या टाक्या सडलेल्याच असतील तर हा पर्याय विचारात घ्यावा, एरवी नाही.

तिसऱ्या पर्यायात इंजिन फक्त मुख्य टाकीतून पेट्रोल घेते आणि परतही तिथेच करते. दुसऱ्या टाकीतून एक छोटा विजेचा पंप गरजेनुसार पेट्रोल मुख्य टाकीत सोडतो. इंजेक्शन बसवायचे असेल तर मी हाच मार्ग निवडेन, कारण दाबाच्या नळ्यांच्या वाटेत व्हॉल्व्ह येत नाही. पंप चालू करून गप्पांत रमलात तर मुख्य टाकी ओसंडेल, म्हणून त्याला टायमर लावणे अनिवार्य समजावे.

पर्याय कोणताही निवडला तरी टाक्या एकदा खाली उतरवाव्या लागतील, कारण त्यांच्या माथ्यावरच्या रबरी नळ्या उभ्या गाडीत नीट दिसतही नाहीत. अमेरिकेतील पेट्रोलमध्ये आता सहसा १० टक्के इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. इथेनॉल सोसणारा एसएई (वाहनांच्या भागांचे दर्जे ठरवणारी संस्था) ३०आर९ दर्जाचा होज, म्हणजे रबरी नळी, वापरावा. टाकीच्या आत बुडणाऱ्या नळीसाठी मात्र ३०आर१० हा वेगळा दर्जा लागतो.

रोजच्या वापरात दोन्ही टाक्या आलटून पालटून रिकाम्या कराव्यात, म्हणजे एकीत पेट्रोल महिनोन्महिने शिळे होत नाही. पाव टाकी उरली की सपाट रस्त्यावर बदल करावा. घाटाच्या चढावर किंवा ट्रकला ओलांडताना नव्हे. मुक्कामी वीज देणारा जनरेटर कोणत्या टाकीतून पेट्रोल घेतो तेही विचारून ठेवावे. त्याची नळी बहुधा इंजिनाच्या नळीपेक्षा उंचावर संपते, त्यामुळे त्या टाकीत पेट्रोल कमी असेल तर जनरेटर रात्रीच बंद पडतो. बिघाड शोधण्याआधी काटा पाहावा, अर्थात काट्याची तार नीट आहे याची खात्री करूनच.