ड्रुपलची डीफॉल्ट व्हेरिएबल्स: काही महिने वापरल्यावर

एका वाचनालयाच्या साइटसाठी ड्रुपल 10 या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर स्वतंत्र थीम (साइटचं रूप) केली आणि तेव्हापासून तीच सांभाळतोय. कोअर, म्हणजे ड्रुपलचा मूळ कोड, प्रत्येक टेम्प्लेटला (पानाच्या भागाच्या HTML साच्याला) काही व्हेरिएबल्स आयती देतं: 'ॲट्रिब्यूट्स', 'टायटल_प्रीफिक्स', 'टायटल_सफिक्स', 'यूजर', 'लॉग्ड_इन', 'इज_ॲडमिन', 'डिरेक्टरी'. आधी कोअर भरतं, मग मॉड्यूल्स, शेवटी थीम. क्रम ठरलेला असल्यामुळे एखादी व्हॅल्यू कुणी बदलली ते पटकन सापडतं. मला ही सोय मनापासून आवडते.

2015 मध्ये ड्रुपल 8 बरोबर ट्विग हे टेम्प्लेट लिहायचं इंजिन आलं आणि 'ॲट्रिब्यूट्स' (टॅगवरचे क्लास वगैरे) हे ऑब्जेक्ट झालं. टेम्प्लेटमध्येच 'ॲडक्लास' म्हणून क्लास जोडता येतो. मार्कअप सुटसुटीत करायच्या नादात अनेक जण हे आणि 'टायटल_सफिक्स' काढून टाकतात. पान दिसायला ठीकच राहतं, पण एडिटरला ब्लॉकवर (पानाच्या एका तुकड्यावर) माउस नेल्यावर दिसणारी, बदल करायची पेन्सिल गायब होते. ती पेन्सिल 'टायटल_सफिक्स'मधून येते, आणि तिला जागेवर धरणारा क्लास 'ॲट्रिब्यूट्स'मधून. दोन्ही छापायलाच हवीत.

'इज_ॲडमिन' हे नाव फसवं आहे. रोल बघितलाच जात नाही, प्रशासकीय पानं उघडायची परवानगी आहे का एवढंच तपासलं जातं. नोंदी भरणाऱ्या एडिटरकडेही ती असते. त्यामुळे मी हवी ती परवानगी प्रीप्रोसेसमध्ये (टेम्प्लेटच्या आधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) स्वतः तपासतो.

सगळ्यात जपायचं ते 'यूजर'ला, म्हणजे पान बघणाऱ्या माणसाच्या माहितीला. ब्लॉकच्या टेम्प्लेटमध्ये 'यूजर.डिस्प्लेनेम' लिहिलं की नाव लगेच दिसतं आणि काम झालंसं वाटतं. पण ड्रुपल आपणहून परवानग्यांनुसार कॅश (साठवलेली तयार प्रत) वेगळी ठेवतं, माणसानुसार नाही. दोन सभासदांच्या परवानग्या सारख्याच असतात, म्हणजे एकाचं नाव दुसऱ्याला दिसू शकतं. वाचनालयाच्या साइटवर हे अजिबात चालण्यासारखं नाही. त्या ब्लॉकला 'यूजर' हा कॅश कॉन्टेक्स्ट (प्रत कशानुसार वेगळी ठेवायची ते सांगणारी खूण) द्यायलाच हवा. व्हेरिएबल आयतं मिळतं, कॅशची जबाबदारी मात्र आपली, आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक अक्षरांत असायला हवं होतं.

हे मुखपृष्ठ आहे का ते सांगणारं 'इज_फ्रंट' पेजच्या टेम्प्लेटमध्ये असतं, ब्लॉकमध्ये नाही. ब्लॉकमध्ये पाथ मॅचर या ड्रुपलच्या सर्व्हिसला विचारून ते स्वतः भरावं लागतं, आणि त्याचाही कॉन्टेक्स्ट द्यावा लागतो.

'डिरेक्टरी'मध्ये थीमचा पाथ असतो, पण सुरुवातीचा स्लॅश नसतो. तो घातला नाही तर मुखपृष्ठावर लोगो दिसतो आणि आतल्या पानांवर तुटतो.