जादा कैफियत की लेखी युक्तिवाद?

दाव्यात प्रतिवादी म्हणून कैफियत (लेखी उत्तर) देऊन झाली आणि मग कपाटात जुनी भाडेपावती सापडली. आता जादा कैफियत द्यावी, की शेवटी लेखी युक्तिवादात सगळं मांडावं?

परवानगी दोन्हीला लागते. जादा कैफियतीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ९ खाली अर्ज, मग समोरच्याचं म्हणणं, मग हुकूम. तारखा जातातच. (पावती दाखल करायची परवानगी आणखी वेगळी.) लेखी युक्तिवाद सुटसुटीत: तोंडी युक्तिवाद संपण्याआधी, मथळे पाडून, थोडक्यात, प्रत त्याच वेळी विरुद्ध पक्षाला. त्यासाठी सहसा तारीख वाढवून मिळत नाही.

पण युक्तिवादात नवी हकीकत घुसडता येत नाही. घुसडली, तरी तिला पुराव्याचा आधार कुठून आणणार?

म्हणून पावतीवाल्याने जादा कैफियतच मागावी, तीही साक्षी सुरू होण्याआधी. साक्षी संपून फक्त कायद्याचा मुद्दा आणि निवाडे मांडायचे असतील, तर लेखी युक्तिवाद पुरे.