मालिकेची वाट पाहताना जोडलेले बी-१७

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांच्या चमूंवर दूरचित्रवाणी मालिका येणार असल्याचे कळल्यापासून मी अधीर झालो आहे, आणि त्याच ओढीने नागपुरातील बर्डीवरील एका दुकानातून बी-१७ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या १/७२ प्रमाणातील प्रतिकृतीचा संच आणला. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ३१.६ मीटर होता. जोडणीनंतर तो ४४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे प्रमाण चोख राखले आहे. सर्वांत सुरेख उतरला आहे तो पोटाखालचा गोल बुरूज. त्यात मशीनगन चालवणारा जवान गुडघे पोटाशी घेऊन बसे आणि पाठीवर पॅराशूट बांधण्याइतकीही जागा त्याला बहुधा नसे, हे वाचलेले होते. पण बोटाच्या पेराएवढा तो पारदर्शक गोळा चिमट्यात धरला तेव्हा छातीत धस्स झाले. विमानातील दहा जणांच्या चमूची ही दाटीवाटी आणि २५,००० फुटांवरची हाडे गोठवणारी थंडी मालिकेत जाणवलीच पाहिजे.

नाकाच्या काचेवर मात्र ओरखडा निघाला, आणि दुकानदाराने ती बदलून देण्यास टाळाटाळ केली. वायुसेनेच्या अनुरक्षण कमांडचे मुख्यालय असलेल्या नागपुरात अशा संचांची निवड इतकी तोकडी असावी, हेही खटकते. तरीही जोडणीची आवड असणाऱ्याने हा संच अवश्य घ्यावा. फक्त खोके दुकानातच उघडून पाहावे.