जुन्या मोटरसायकलच्या रिमला काय लावावं: क्रोम, पावडर की रंग?

चाक उघडून झालंय, गंजलेले स्पोक कापून टाकलेत, हब साफ करून बाजूला ठेवलाय आणि नुसती रिम भिंतीला टेकून उभी आहे. आता हिला काय लावायचं? या प्रश्नात मी जवळजवळ दीड वर्ष अडकलो होतो. शेवटी पुढच्या चाकाला एक आणि मागच्याला आधी दुसरा, मग तिसरा असे तिन्ही प्रकार करून बसलो. त्यामुळे खालचं सगळं एकाच गाडीवरच्या अनुभवाचं आहे, मोजमाप म्हणून घेऊ नका. गाडी १९५०च्या दशकातली, सिंगल सिलिंडर. रिम १९ इंची, डब्ल्यूएम२ (हा रिमच्या रुंदीचा मापाचा कोड), ४० भोकांची. गाडी मी चालवतो, पावसातही. नुसती पुसून उभी करायची असती तर कदाचित माझं मत वेगळं झालं असतं.

क्रोमपासून सुरुवात करतो, कारण मनातून सगळ्यांना तेच हवं असतं. मलाही हवं होतं. पण ज्याच्या चमकीवर आपण भाळतो तो क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो आणि त्याला बारीक चिरा असतातच. गंज अडवायचं खरं काम खालचं निकेल करतं. म्हणून प्लेटिंगवाल्याशी बोलताना क्रोमचं कौतुक ऐकत बसू नका, निकेल किती मायक्रॉनचं चढवणार ते विचारा. उत्तर द्यायला तो घुटमळला तर काय समजायचं ते समजा.

दुसरी अडचण बफिंगची. क्रोम काहीच लपवत नाही, त्यामुळे गंजाचे खड्डे घासून सपाट करावे लागतात. पत्रा पातळ होतो आणि कारखान्याचे जुने शिक्के बुजतात. माझ्या पुढच्या रिमवरचा मापाचा शिक्का आता बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही.

बाहेरून ती रिम आजही आरशासारखी आहे, हे मान्य करायलाच हवं. पण दुसऱ्यांदा टायर उतरवला तेव्हा, ट्यूबला स्पोकची टोकं लागू नयेत म्हणून रिमच्या आत बसवतात त्या टेपखाली, प्रत्येक भोकाभोवती तपकिरी कडं दिसलं आणि ट्यूबवर गंजाची पूड. प्लेटिंगच्या टाकीतला करंट उंच भागांवर जास्त धावतो, खोलगट भागात कमी पोचतो. नेमका टेप बसतो तो भाग खोलगट, आणि स्पोकच्या भोकांतून, व्हॉल्व्हच्या भोकातून पाणी शिरतं तेही तिथेच. आपण बाहेरची बाजू पुसत राहतो आणि रिम आतून कुजत राहते.

पावडर कोटिंगवर, म्हणजे रंगाची कोरडी पूड बसवून भट्टीत भाजायच्या प्रकारावर, मी जरा जास्त बोलणार आहे, कारण निर्णय तिथे झाला.

मागची रिम मी मोठ्या विश्वासाने पावडरला दिली. ब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा मारा करून पत्रा साफ करणं) झालं, पावडर बसली, साधारण १८०-२०० अंशांवर भट्टीत भाजून आली. रंग एकसारखा, नखाने ओरखडा उठत नाही, कोपऱ्यांतही पोचल्यासारखी दिसत होती. पहिली कुरकुर चाक बांधतानाच झाली. भोकांच्या कडांवर थर साचल्यामुळे नवी निपलं, म्हणजे स्पोक रिमला ओढून धरणारे छोटे नट, आत जाईनात. गोल कानशीने प्रत्येक भोक हलकंसं मोकळं केलं. म्हणजे चाळीस ठिकाणी कडा उघड्या पाडल्या, हे तेव्हा लक्षात आलं नाही. दुपारभर बसून आऊट काढली, म्हणजे चाकाचं डुलणं घालवलं, डायल गेजचा काटा अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणला. स्पोक कीने एकेक स्पोक वाजवून पाहिला, सगळे टणटणीत.

दोनेकशे किलोमीटर झाल्यावर सवयीने परत वाजवले. टण्णऐवजी थप्प. सगळेच नाहीत, पण ओढणाऱ्या बाजूचे बरेच. नवीन चाक एकदा बसतंच, म्हणून पुन्हा ओढून घेतले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र चाक सैल होऊन मागून डुलायला लागलं, तेव्हा टायर उतरवला आणि दोन स्पोक काढून पाहिले.

निपल बसते त्या खळीत पावडरचा थर दबून बाजूला सरकला होता. मऊ लाखेवर शिक्का दाबला की भोवती उंचवटा येतो ना, अगदी तसं. उंचवट्यातून बारीक चिरा निघाल्या होत्या आणि चिरांच्या टोकाला नारिंगी ठिपके. कारण सरळ आहे. पावडर म्हणजे शेवटी प्लास्टिकच, सतत दाबाखाली ते हळूहळू सरकतं. स्पोक पूर्ण ताणला तरी लांबीत मिलिमीटरच्या अंशाएवढाच वाढतो. त्यातले ऐंशी-शंभर मायक्रॉन निपलखालून निघून गेले, तर ताणाचा मोठा वाटा गेला. वर ओढण्यासाठी निपल फिरवली की थर आणखी खरवडला जातो.

याच जोडीला टायर लिव्हरचं प्रकरण. काठावर एक टवका उडाला, शेंगदाण्याएवढा. काही महिन्यांनी तिथे नख घातलं तर पापुद्रा सापाच्या कातीसारखा बोटभर सुटून आला. खालचा पत्रा ओला होता. पावडरमध्ये तेवढाच भाग दुरुस्त करायची सोय नाही. पुन्हा सगळं उतरवा, पुन्हा भट्टी.

पावडर वाईट, असं मला म्हणायचं नाही. माझ्या गाडीचा स्टँड, बॅटरीची पेटी, मडगार्डचे स्टे सगळं पावडरचं आहे आणि झकास आहे. फक्त ज्या जागी चाळीस निपलं अहोरात्र दाबून बसतात तिथे जाड थर नको. कुणी निपलच्या खळ्या उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकून पावडर मारून देत असेल, तर माझी तक्रार बरीचशी मिटते. पण मग त्या खळ्या उघड्या राहतात, त्यांना हाताने प्रायमर लावावाच लागतो. एवढं करायचंच आहे तर सगळी रिमच का रंगवू नये, असं माझ्या डोक्यात आलं, आणि तसंच केलं.

तिसरा प्रकार म्हणजे टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा रंग. खाली एपॉक्सी प्रायमर, वर हार्डनर घालून मारायचा पॉलियुरेथेन. ब्लास्टिंग झालेल्या पत्र्याला हात न लावता त्याच दिवशी प्रायमर मारून घेतला. रात्रभर उघडी ठेवली तर ओलसर हवेत सकाळी तांबूस झाक दिसते. टायरच्या आतल्या भागात प्रायमरचे दोन पातळ हात दिले. खळ्यांवर वरचा रंग मुद्दाम जाऊ दिला नाही, कागदी टेपच्या गोल टिकल्या चिकटवल्या. चाळीस टिकल्या कापताना स्वतःची कीव आली, ते असो. त्यामुळे निपलखाली फक्त प्रायमरचा पातळ, कडक थर राहिला.

चाक बांधल्यावर तीनशे किलोमीटरनंतर एकदा ओढलं. तेव्हापासून स्पोक वाजवतो आणि टण्ण ऐकून स्पोक की परत खिशात टाकतो. दोन पावसाळे झाले. मध्यंतरी टायर बदलला तेव्हा एका निपलजवळ केसाएवढी चीर दिसली. तिथे घासून ब्रशने प्रायमर लावला, दहा मिनिटांचं काम. काठावर लिव्हरचे दोन ओरखडे आलेत, पण रंग भोवतीने सुटत गेला नाही. पावडरइतका टणक तो नाही, हे कबूल. खडी उडाली की बारीक टवके पडतात. पण पडले तेवढेच राहतात, आणि ते माझ्या हातचे आहेत.

यातला खरा धोका फुप्फुसांना आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा मारताना साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा लागतो. ती सोय नसेल तर प्रायमरची आतली कामं ब्रशने करा आणि फवाऱ्याचं काम गाड्या रंगवणाऱ्याकडे द्या. मी तसंच केलं.

‘रंगवलेली रिम म्हणजे पैसे वाचवलेले दिसतात,’ असं एक दोघे म्हणालेच. त्यांना सांगायला एक गोष्ट हाताशी असू द्या. कोरियाच्या युद्धाच्या काळात, १९५२च्या सुमारास, निकेलची टंचाई झाली तेव्हा ब्रिटिश कारखान्यांनीच कित्येक गाड्या चंदेरी रंगाच्या रिमांवर बाहेर काढल्या. लष्करी गाड्यांच्या रिमा तर रंगवलेल्याच असायच्या. तुमची गाडी त्या वर्षांतली असेल तर क्रोमच उलट चुकीचं ठरेल. आणि मूळ रिम क्रोमची, मध्यभागी रंगाचा पट्टा, कडेने रेघ अशी असेल, तर मात्र मी तुम्हाला रंगाचा फार आग्रह करणार नाही. तिथे चांगल्या निकेलवरचं क्रोम घ्या आणि आतल्या बाजूला, टेपखाली, एपॉक्सी प्रायमरचा एक हात नक्की द्या. माझ्या पुढच्या रिमला मी उशिराने तेच केलं.

स्टेनलेसची रिम हा चौथा पर्याय सुचवला जातो. ते फिनिश नव्हे, नवी रिमच झाली. तुमच्या हबच्या कोनाप्रमाणे भोकं पाडलेली मिळाली आणि जुनी रिम कुजूनच गेली असेल तर जरूर घ्या. रंग क्रोमच्या निळसर झाकेपेक्षा किंचित पिवळट दिसतो, सायलेन्सरशेजारी ते कळतं. स्पोक आणि निपल दोन्ही स्टेनलेसचे असतील तर आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर एकमेकांत अडकून बसतात. माझी रिम खड्डे पडलेली पण सरळ होती, त्यामुळे तिला भंगारात घालवेना.

रंगाचं ठरवलंत तर उरलेला रंग आणि हार्डनर वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, एकत्र केलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी दगड झालेलं असतं. हार्डनर हवेतल्या ओलाव्याने खराब होतो, म्हणून लहान बाटलीत काठोकाठ भरून झाकणावर टेप गुंडाळा. माझी पहिली बाटली अर्धी रिकामी राहिली होती. टवका बुजवायला उघडली तेव्हा आत पिवळी साय धरली होती.