घोड्याच्या पायाच्या जखमेवर काय बांधायचं?

पावसाळ्यात आमच्या घोडीने पागेच्या पत्र्यावर पुढचा पाय कापून घेतला. गुडघ्याखाली, नळीवर, चार बोटं लांब जखम. काका म्हणाले हळद-तेल लाव, शेजारचे बग्गीवाले म्हणाले मोरचूद (कॉपर सल्फेट) लाव. मी घाईत थेट कापूस ठेवून क्रेप बँडेज गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी तो कापूस जखमेत रुतून बसलेला. मिठाच्या पाण्याने भिजवून एकेक धागा वेचायला अर्धा तास गेला. घोडी कान मागे टाकून उभी होती, पण पाय तिने एकदाही ओढला नाही.

गुडघ्याखालची जखम अंगावरच्या जखमेसारखी नसते. तिथे स्नायू नाही, फक्त कातडं, शिरा (म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा) आणि हाड. रक्तपुरवठा कमी, कातडं ताणलेलं. म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस जखम लहान होण्याऐवजी मोठीच दिसते. घाबरू नका, ते अपेक्षित आहे. खरी भीती त्यानंतरची, फाजील मांसाची: लाल मांस भराभर वर येतं, कातडीच्या वर फुगतं आणि नवी कातडी त्यावर चढूच शकत नाही. ड्रेसिंग निवडताना हे डोक्यात ठेवा.

आधी धुणं. नदीवर नेऊन पाय धुण्याची सवय आपल्याकडे आहे, पण पुराच्या गढूळ पाण्यात उघडी जखम बुडवू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, एवढं पुरतं. पोव्हिडोन आयोडीन हे तपकिरी जंतुनाशक बाटलीतून तसंच ओतलं तर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. ५ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली, पाणी फिक्या चहासारखं दिसलं पाहिजे. मोरचूद आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मी ताज्या जखमेजवळ आणत नाही.

आता खरी निवड पॅराफिन गॉज आणि मध यांच्यात आहे. पॅराफिन गॉज म्हणजे मेणचट, जाळीदार पट्टी. ती जखमेला चिकटत नाही, मेडिकलमध्ये सहज मिळते आणि बदलताना घोड्याला त्रास होत नाही. पण जंतूंचं ती काही करत नाही. जखम स्वच्छ असेल तर माझं मत हिलाच. मध घाण, पू धरलेल्या जखमेत उजवा: जंतूंना आवरतो, मेलेलं मांस सुटायला मदत करतो. मात्र तो निर्जंतुक केलेला, जखमेसाठीचाच हवा. स्वयंपाकघरातल्या बाटलीत जंतूंचे बीजाणू असू शकतात. शिवाय मध पाणी ओढतो, पट्टी लवकर ओली होते, म्हणजे सुरुवातीला रोज बदलायची तयारी हवी. आम्ही पहिले चार दिवस मध लावला, मग पॅराफिन गॉजवर आलो.

सिल्व्हर सल्फाडायझिन हे जंतुनाशक मलम संसर्ग असताना ठीक, डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस. फोमची स्पंजासारखी पट्टी महाग, पण पाणी फार गळत असेल तर उपयोगी. हायड्रोकोलॉइडची जाड चिकट पट्टी माणसांना चालते, घोड्याच्या पायावर टाळा. ती जखम पूर्ण झाकते आणि तिच्याखाली फाजील मांस वाढायला लागतं.

काहीही निवडलं तरी वर कापसाचा जाड, सारखा थर आणि त्यावर क्रेप लागतंच. कापूस पातळ ठेवून क्रेप आवळलं तर पायामागची शीर (कंडरा) दुखावते आणि घोडा जखमेपेक्षा त्यानेच जास्त लंगडतो. वरच्या कडेतून एक बोट आत गेलं पाहिजे. पट्टी कोरडी असेल तर दोन-तीन दिवसांनी बदला. चिखलाने भिजली, खाली घसरली, वास आला की लगेच.

पट्टी कायम बांधून ठेवायची नाही, कारण बांधल्यानेही फाजील मांसाला जोर येतो. मांस कातडीच्या बरोबरीला आलं आणि कडेने नव्या कातडीची फिकट गुलाबी रेषा आत सरकताना दिसली, की डॉक्टरांना विचारून, कोरडी जागा आणि माश्या आटोक्यात असतील तर उघडी ठेवा. मांस वर आलंच तर मोरचुदाने जाळू नका. त्यात संवेदना नसते, डॉक्टर पात्याने कापून सपाट करतात. रक्त बरंच येतं, म्हणून घरी हात लावायचा नाही.

डॉक्टरांना बोलवायला थांबू नका, जर जखम सांध्याजवळ असेल, पिवळसर चिकट पाणी येत असेल, किंवा घोडा पाय टेकत नसेल. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मिळते. आणि धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो, आणि पट्टी कितीही चांगली असली तरी त्याला अडवू शकत नाही.