पेंचचा अंधार आणि एक वनरक्षक: वाघोडा तलावाकाठचे आकाशदर्शन

शनीची कडी पाहायची म्हणून आम्ही पेंचला गेलो आणि नेमकी तीच धड दिसली नाहीत. २०२५ मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली आणि आम्ही गेलो त्या जानेवारीतही ती कडी आपल्याला जवळजवळ कडेनेच दिसत होती. त्यामुळे दुर्बिणीत पिवळसर गोळ्यातून सुई आरपार घातल्यासारखी एक रेघ तेवढी दिसली. रांगेत माझ्यापुढे असलेला शाळकरी मुलगा ‘‘एवढंच?’’ असे म्हणून बाजूला झाला. तरीही या रात्रीची शिफारस मी निःसंकोचपणे करीन. त्याचे कारण दुर्बीण नसून आमच्याबरोबर असलेला स्थानिक वनरक्षक हे आहे.

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपणारे उद्यान, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा दर्जा मिळवणारे ते भारतातील पहिले उद्यान आहे. वाघोडा तलावाजवळ आकाशदर्शनासाठी मनोरा उभारण्यात आला असून वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड फक्त जमिनीकडे पडेल असे बसवण्यात आले आहेत. दिवे काढून न टाकता केवळ खाली वळवले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण वाघाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला आपल्या हौसेसाठी अंधारात ढकलणे न्याय्य झाले नसते.

आम्ही १७ जानेवारी २०२६ च्या शनिवारी, अमावस्येच्या आदल्या रात्री गेलो. नागपूरहून मनसर ओलांडून पवनीच्या फाट्याने सिल्लारीला जायचे, अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. उजेड असतानाच पोहोचावे हे मी आग्रहाने सांगते, कारण वनरक्षकाने आकाशाची तयारी झाडांपासून सुरू केली. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन वृक्ष दाखवून त्याने सांगितले की इकडे त्याला साजा म्हणतात, आणि गोंड लोक त्यात आपला देव, बडादेव, पाहतात म्हणून त्याला हात लावण्याआधी माणूस विचार करतो. पुढे पानगळ झालेला, पांढऱ्या खोडाचा एक कुलू उभा होता. त्याला भुत्या का म्हणतात असे माझ्या आईने विचारले, तेव्हा त्याने ‘‘थांबा, रातच्याला सांगतो,’’ एवढेच उत्तर दिले. रात्री आठच्या सुमारास सर्व दिवे बंद असताना त्याने आम्हांला मागे वळून पाहायला सांगितले. बाकीचे जंगल काळ्या शाईत बुडालेले होते आणि ते एकच खोड, केवळ ताऱ्यांच्या उजेडात, हात पसरून उभे असल्यासारखे दिसत होते. आईने त्यानंतर काही विचारले नाही.

अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की हा सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. हे बहुतेकांना ऐकून माहीत असते, पण पाळत कोणी नाही. आमच्या वनरक्षकाने सर्वांचे मोबाइल सरळ पिशव्यांत ठेवायला लावले आणि स्वतःच्या विजेरीवर लाल कागद गुंडाळला. नंतरचा अर्धा तास त्याने आम्हांला आकाशाकडे नव्हे, आवाजाकडे लक्ष द्यायला लावले. टिटवी ओरडली की तलावाच्या काठाने काहीतरी चालले आहे. सांबराने एकदाच ‘ढांक’ केले तर फारसे मनावर घ्यायचे नाही, पण तो थांबून थांबून ओरडत राहिला तर मात्र जागचे हलायचे नाही. सांबर त्या रात्री एकदाच ओरडला, याचे मला समाधान वाटले की वाईट, हे आजही ठरवता येत नाही.

आकाश दाखवण्याची त्याची पद्धत ही या अनुभवातील सर्वांत मोलाची बाब. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, एवढ्या एका मापावर त्याने सारे काम भागवले. उत्तर क्षितिजापासून दोन मुठी आणि वर थोडे मोजले की ध्रुव सापडतो, कारण ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचे अक्षांश. दक्षिणेला दीड मुठीवर अगस्ती होता. मृगातील तीन ताऱ्यांना आईने ‘तिकांडं’ म्हटले, तर त्याने ते तीन आणि त्यांखालची ताऱ्यांची ‘तलवार’ मिळून होणारा गोंडांचा नांगर दाखवला. एकाच ताऱ्यांत हरणाच्या पोटात घुसलेला बाणही आहे आणि शेतकऱ्याचे अवजारही, यावर त्या दोघांची बराच वेळ चर्चा रंगली. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दूरची दुसरी आकाशगंगा, आम्ही नुसत्या डोळ्यांनी पाहिली. ती धुक्याच्या पुसट ठिपक्याएवढीच दिसते, पण तो प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

दुर्बिणीतून सर्वांत समाधान दिले ते गुरूने. आठवडाभरापूर्वीच त्याची प्रतियुती झाली असल्याने, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला आलेला असल्याने, मिथुन राशीत तो झगमगत होता आणि त्याचे उपग्रह एका रेषेत मांडल्यासारखे दिसत होते. मृगातील तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, मात्र छायाचित्रांत दिसतो तसा गुलाबी दिसत नाही. डोळ्यांना तो राखाडी, किंचित हिरवट धुरासारखा भासतो, आणि हे आधी सांगितले नाही तर माणसे निराश होतात. ग्रहांची माहिती वनरक्षकाने बेताचीच दिली. सखोल खगोलशास्त्र हवे असणाऱ्यांनी स्वतः वाचून जावे.

तक्रार आहे ती आमच्या मुक्कामाच्या खासगी ठिकाणाविषयी. त्याचे नाव मी घेत नाही. परतल्यावर तेथील अंगणात झाडांच्या बुंध्यांशी वर तोंड करून लावलेले पांढरे दिवे रात्रभर जळत होते. विनंती केल्यावर ‘‘पाहुण्यांना आवडतं’’ असे उत्तर मिळाले. गावकऱ्यांनी आपले दिवे खाली वळवावेत आणि त्याच अंधाराच्या नावावर पाहुणे बोलावणाऱ्यांनी आपले वर रोखावेत, हे पाहून चीड आली. खोली ठरवताना रात्री बाहेरचे दिवे बंद होतात का, हे जरूर विचारावे.

गरम टोपी, बसायला सतरंजी आणि थर्मासमधील चहा बरोबर असावा. तलावाकाठची जानेवारीतील थंडी वयस्करांना झेपणारी नाही. तिथी मात्र आधी पाहावी, पौर्णिमेच्या आसपास जाण्यात अर्थ नाही.

निघण्याची वेळ झाली तेव्हा ईशान्येला सप्तर्षी उगवत होते. त्यांतील चौकोन म्हणजे गोंडांच्या गोष्टीतील म्हातारीची बाज, म्हणजे खाट, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती चोरायला आलेले चोर. ‘‘बाज आधी निंगते, चोर मांगून येतेत, ताई,’’ असे म्हणून त्याने एकेक चोर झाडांवर येईपर्यंत आम्हांला थांबवून ठेवले. तिसरा यायला अकरा वाजले. गाडीचा चालक तोपर्यंत दोनदा बोलावून गेला होता.