डूम: द डार्क एजेस – पीएस५वर अनेक महिने खेळून झाल्यावर

डूम: द डार्क एजेस हा राक्षसांना गोळ्या घालत जायचा शूटर गेम १५ मे २०२५ ला आला आणि पीएस४ला, म्हणजे प्लेस्टेशन ४ या जुन्या गेमिंग कन्सोलला, वगळूनच आला. २०१६चा डूम आणि २०२०चा डूम इटर्नल हे दोन्ही पीएस४वर मजेत चालायचे. त्यामुळे माझ्यासारख्या अनेकांपुढे सरळ प्रश्न होता: या गेमसाठी कन्सोल बदलायचा का? मी बदलला. नवा कन्सोल घरात आला की पहिले काही आठवडे त्यावरचं सगळंच छान दिसतं, म्हणून लिहायला मुद्दाम थांबलो. आता नवलाई संपली आहे, कथा तोंडपाठ झाली आहे, आणि तरीही रात्री अर्धा तास मोकळा मिळाला की मी हाच गेम लावतो. ते त्यातल्या ढालीमुळे.

ज्यांनी ही मालिका खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१६च्या गेममध्ये नायक, म्हणजे डूम स्लेयर, मंगळावर एका दगडी थडग्यात जागा होतो आणि उठल्या उठल्या राक्षसांवर तुटून पडतो. हा कोण, कुठला, याची उत्तरं तेव्हा कोडेक्सच्या, म्हणजे गेममधल्या माहितीकोशाच्या, नोंदींमध्ये विखुरलेली होती. डार्क एजेस ही त्याच्या आधीची गोष्ट. अर्जेंट डनूर नावाच्या जगात राजा नोविक आणि त्याचे नाइट सेंटिनल नावाचे योद्धे नरकाच्या सैन्याशी लढताहेत, आणि स्लेयर हे त्यांचं सगळ्यात मोठं अस्त्र आहे. मेकर नावाच्या जमातीने त्याच्या मनावर बंधन बसवलेलं आहे. गरज पडली की त्याला रणात सोडायचं, काम झालं की पुन्हा जखडून ठेवायचं. मालिकेत आजवर त्याचा राग आपण गृहीत धरत आलो, इथे त्या रागाला कारण मिळतं. ही कल्पना मला मनापासून आवडली.

पण कथेकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. स्लेयर बोलत नाही, आणि बाकीचे सगळे त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत राहतात. सेनापती थिरा, राजा नोविक, खलनायक आझराक यांचे प्रसंग दिसायला भव्य आहेत, पण त्यांच्यात गुंतायला होत नाही. नायक पुढे थडग्यात जाणार आणि मंगळावर उठणार हे खेळणाऱ्याला आधीच माहीत असतं. मग ‘काय होणार’ यापेक्षा ‘हा असा कसा घडला’ हे दाखवायला हवं होतं. बंधनाचा धागा तिकडे नेतो, पण अधूनमधूनच.

हे सगळं खेळताना विसरायला लावते ती ढाल. इटर्नलमध्ये डबल जंप (हवेतच दुसरी उडी) होता, डॅश (झपकन सरकणं) होता, सतत हवेत राहावं लागायचं आणि थांबलात की मेलात. इथे दोन्ही काढून टाकलेत. स्लेयर जड आहे, पाय रोवून उभा राहतो. राक्षस लाल गोळ्यांच्या रांगा सोडतात, त्या आपल्या दिशेने इतक्या सावकाश येतात की त्यांच्यामधली फट डोळ्यांना दिसते. त्या फटीतून बाजूला सरकायचं. रांगेत हिरवा गोळा असला तर त्याच्यासमोर जाऊन, नेमक्या क्षणी ढाल उचलून तो परत फेकायचा. हे पॅरी बरोबर जमलं की कंट्रोलर हातात हादरतो, समोरचा मँक्युबस नावाचा धिप्पाड राक्षस लडखडतो आणि आपण त्याच्यापर्यंत पोहोचलेले असतो.

ढालीच्या कडेला करवत आहे. ती फेकली की लहान राक्षस कापले जातात आणि मोठ्यात ती रुतून बसते, तेवढा वेळ तो जागचा हलत नाही. चिलखतवाल्यांवर आधी गोळ्या झाडत राहायच्या, धातू तापून लाल झाला की ढाल फेकायची, चिलखत फुटून उडतं. लांबच्या शत्रूवर निशाणा धरून ढालीसकट त्याच्यावर झेप घेता येते. काडतुसं संपली की जवळ जाऊन गदेचे किंवा मुठीचे घाव घालायचे, त्यातून ती परत मिळतात. काही तासांनी हे सगळं डोक्यातून बोटांत उतरतं, आणि मग लढाईला जी लय येते ती मला दुसऱ्या कुठल्या शूटरमध्ये मिळालेली नाही.

मला यात जुना, १९९३चा डूम दिसतो. त्यात वर-खाली बघता यायचं नाही, उडी नव्हती. इम्प नावाच्या राक्षसांचे आगीचे गोळे डोळ्यांना दिसतील अशा वेगाने यायचे आणि खेळ सगळा डावी-उजवीकडे सरकण्याचा होता. डूम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने इथे कथा मागे नेली आणि हातांनाही तिकडेच नेलं. माझ्या मते हा खरा प्रीक्वेल (आधीची गोष्ट सांगणारा भाग) आहे, आणि तो पूर्ण यशस्वी झालाय.

बंदुकांपैकी एकीचं नाव घ्यायलाच हवं, पल्व्हरायझर. जात्यात धान्य भरडावं तशी ही कवट्या भरडते आणि त्यांचा चुरा समोरच्या घोळक्यावर उडवते. अचूक नेमाची गरज नाही, म्हणून नजर ढालीच्या वेळेवर ठेवता येते. सुपर शॉटगन आहेच, तिच्याबद्दल नवीन काय सांगायचं.

आता ज्या भागांवर दुसऱ्या फेरीत मी पाणी सोडलं ते. अॅटलान नावाच्या महाकाय यंत्रमानवात बसून लढायचे प्रसंग पहिल्यांदा डोळे दिपवतात. दुसऱ्यांदा कळतं की ठोसा मारायचा आणि चुकवायचं, एवढंच आहे. यांत्रिक पंखांच्या ड्रॅगनचंही तसंच. आकाशातून जाताना खालचं जग बघण्यासारखं आहे, पण लढाई म्हणजे निशाणा धरा, हिरवा मारा चुकवा, पुन्हा झाडा. सुदैवाने गेम संपवल्यावर २२ प्रकरणांपैकी हवं ते निवडता येतं. मी पुन्हा पुन्हा जातो ते ‘सीज’च्या मोकळ्या मैदानात आणि उत्तरार्धातल्या रिऊल शहरात, जिथे किल्ले-बुरूज मागे पडून सगळं काही अनोळखी, समुद्रतळाच्या रंगाचं होतं.

संगीत ठीक. २०१६ आणि इटर्नलचं मिक गॉर्डनचं संगीत ज्यांच्या कानात बसलंय त्यांना या गेमचे संगीतकार फिनिशिंग मूव्ह यांचं काम दमदार वाटेल, पण गेम बंद केल्यावर ते गुणगुणावंसं वाटत नाही. ही उणीव मला अजून बोचते.

पीएस५वर गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने चालतो आणि प्रकाशासाठी रे ट्रेसिंग (किरणांचा मार्ग मोजून उजेड-सावली रेखाटणं) कायम चालू असतं. त्यासाठी रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, वर-खाली होत राहतं. लांबचे मनोरे कधी किंचित धूसर दिसतात, पण ढालीच्या गेममध्ये मला धूसर मनोरा चालेल, अडखळणारी फ्रेम चालणार नाही. तुमच्या टीव्हीवरचा गेम मोड (चित्र विनाविलंब दाखवणारी सेटिंग) मात्र आठवणीने चालू करा. तो बंद असला की बटण दाबणं आणि पडद्यावर ढाल उठणं यात जो उशीर होतो, तेवढ्यात पॅरी हुकतं आणि माणूस स्वतःच्या हातांना दोष देत बसतो. ब्लूटूथ हेडफोनचाही आवाज मागे पडतो, तारेचे वापरा.

सेटिंगमध्ये डिफिकल्टीच्या नावाखाली वेगवेगळ्या पट्ट्या आहेत: गेमचा वेग, पॅरीची मुदत, राक्षसांची आक्रमकता, गोळ्यांचा वेग, आपल्याला होणारी इजा. या गेममधली ही सगळ्यात शहाणी गोष्ट. मला विचाराल तर अल्ट्रा-व्हायोलन्स ही कठीण पातळी निवडा, गेमचा वेग थोडा वाढवा आणि पॅरीची मुदत आहे तशी राहू द्या. ज्यांचे हात संथ आहेत, किंवा ज्यांनी आयुष्यात शूटर खेळलेला नाही, त्यांनी मुदत खुशाल वाढवावी, गोडी कमी होत नाही. फक्त मुलं जागी असताना लावू नका, रक्तपात खरोखरच भरपूर आहे.

मल्टिप्लेअर नाही. त्याची जागा मोफत अपडेटमधून आलेल्या रिपटोरियमने भरून काढली आहे. कुठले राक्षस हवेत ते आपण ठरवायचं आणि न संपणाऱ्या रिंगणात उतरायचं. माझा तो रात्रीचा अर्धा तास आता बहुतेक इथेच जातो.

नव्या मोठ्या गेमची पूर्ण किंमत आपल्याकडे पाच हजारांच्या आसपास असते. इटर्नल आवडला तो त्याच्या हवेतल्या उड्यांसाठी, असं ज्यांचं आहे त्यांनी सेलची वाट बघावी. घेणार असाल तर डिस्क घ्या. तिच्यावर मूळ गेम जवळजवळ नाहीच, ती घातल्यावर सगळा डेटा इंटरनेटवरून उतरवावा लागतो, तेव्हा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका. पण खेळून झाल्यावर ती मित्राला देता येते, विकता येते, आणि डिजिटल प्रतीचं तसं काहीच करता येत नाही.